जंबो बॅग, कोरडी भुकटी आणि स्थितिक विद्युत: कारखान्यात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

तळोजा, महापे, डोंबिवली, अंबरनाथ किंवा तारापूर येथील एखाद्या रसायन कारखान्यात तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर पहिल्याच आठवड्यात एक काम तुमच्या नजरेस पडेल. रिॲक्टरच्या वरच्या मजल्यावर हॉइस्टला (माल उचलणाऱ्या यंत्राला) चार लूपांनी टांगलेली, पाचशे ते हजार किलो भुकटीने भरलेली जंबो बॅग असते, तिच्याखाली हॉपर (माल उतरवण्याचे नरसाळे) किंवा मॅनहोल (रिॲक्टरचे वरचे तोंड) असतो आणि स्पाउटची (पिशवीच्या तळाच्या नळीची) दोरी सोडण्याच्या तयारीत दोन कामगार उभे असतात. दोरी सुटते आणि काही मिनिटांत सगळा माल खाली उतरतो. या कामात ना वायर दिसते, ना मोटर, ना स्विच, त्यामुळे येथे विजेचा काही संबंध असेल हे मनातही येत नाही. तरीही धूळ किंवा द्रावकाची (सॉल्व्हंटची) वाफ पेटवण्यास पुरेशी ठिणगी नेमकी याच कामात पडू शकते, आणि ती पिशवीच्या कापडावर, जवळच्या लोखंडी वस्तूवर किंवा खुद्द कामगाराच्या अंगावर साठलेल्या स्थितिक विद्युतेतून येते.

मुंबईत हा विषय शिकवताना पहिला अडथळा हवामानाचा असतो. ‘आपल्याकडे हवा दमट, स्टॅटिकचा त्रास कोरड्या मुलखात’ असे अनुभवी माणसेही सांगतात. हवेतील ओलाव्यामुळे सुती कापड, लाकूड, कागद यांच्यावरचा प्रभार लवकर निघून जातो हे खरे आहे. पण जंबो बॅग पॉलिप्रॉपिलीनची असते, आतील लायनर (अस्तर) बहुधा पॉलिथिलीनचा असतो, आणि ही दोन्ही प्लॅस्टिके पाणी जवळजवळ शोषत नाहीत. शिवाय तुमच्या रिॲक्टरजवळची हवा म्हणजे मरीन ड्राइव्हची हवा नव्हे. भुकटी ड्रायरमधून गरम आणि कोरडी येते, वहनासाठी वापरलेला नायट्रोजन पूर्ण कोरडा असतो, औषधनिर्मितीच्या काही खोल्यांत आर्द्रता मुद्दाम २५ ते ३० टक्क्यांवर ठेवलेली असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी बाहेरची आर्द्रताही निम्म्याच्या खाली येते. म्हणून जुलैमध्ये सुरक्षित वाटलेली पद्धत फेब्रुवारीत तशीच राहील असे धरून चालू नये. आर्द्रतेला संरक्षणाच्या उपायांत मोजूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रभार कसा साठतो आणि किती पुरेसा असतो

दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना टेकून अलग झाले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार उरतो. पिशवी रिकामी होताना भुकटीचे असंख्य कण कापडाला, लायनरला आणि स्पाउटला घासून सुटतात, आणि प्रत्येक कण थोडासा प्रभार घेऊन किंवा देऊन जातो. धातूवर आलेला प्रभार जमिनीकडे वाट मिळाली तर तत्काळ निघून जातो, पण प्लॅस्टिकवर तो जागच्या जागी बसून राहतो.

हा प्रभार घातक का ठरतो हे आकड्यांतून लवकर कळते. मानवी शरीराची धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, साधारण १०० ते २०० पिकोफॅरड असते. रबरी तळव्याचे बूट घातलेल्या माणसावर १०,००० व्होल्ट चढले आणि धारिता २०० पिकोफॅरड धरली, तर त्याच्या बोटातून धातूला पडणाऱ्या ठिणगीत १० मिलिज्यूल ऊर्जा असते. मिथेनॉलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर ती पेटायला ०.१४ मिलिज्यूल पुरतात, आणि टोल्युइनच्या वाफेला सुमारे ०.२४ मिलिज्यूल लागतात. आता त्याच माणसावर केवळ २,००० व्होल्ट आहेत असे समजा. ठिणगीची ऊर्जा ०.४ मिलिज्यूल होते, म्हणजे टोल्युइनची वाफ पेटवण्यास ती पुरेशी आहे, पण इतक्या व्होल्टेजला माणसाला झटका जेमतेम जाणवतो किंवा जाणवतही नाही. ‘मला कधी करंट लागला नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही, तो या हिशेबामुळे.

साठलेला प्रभार एकदम बाहेर पडणे याला विसर्ग म्हणतात, आणि येथे त्याचे तीन प्रकार लक्षात घ्यायचे. जमिनीशी न जोडलेल्या धातूतून किंवा माणसातून पडते ती साधी ठिणगी. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून निघतो तो ब्रश विसर्ग, ज्याची पेटवण्याची ताकद तीन-चार मिलिज्यूलपर्यंत जाते, म्हणजे द्रावकाच्या वाफेसाठी ती भरपूर झाली. तिसरा प्रकार प्रसरणाऱ्या ब्रश विसर्गाचा. पातळ प्लॅस्टिकच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार दाटून बसला आणि मध्येच तो थर फुटला, तर सगळा प्रभार एकदम त्या छिद्राकडे धावतो आणि हजार मिलिज्यूलपर्यंत किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा सुटू शकते. पिशव्यांचे प्रकार मुळात या तीन विसर्गांना डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले आहेत.

पहिली पायरी: आपली भुकटी ओळखा

धुळीचा ढग पेटवायला लागणाऱ्या सर्वांत कमी ऊर्जेला किमान प्रज्वलन ऊर्जा म्हणतात. कारखान्यात तिला ‘एमआयई’ म्हणूनच ओळखतात. हा आकडा माहीत नसेल तर पुढचा कोणताही निर्णय अंदाजपंचे ठरतो. मालाच्या सुरक्षापत्रकात तो बहुधा नसतो. असला तरी तो कोणत्या बारकाईच्या आणि किती ओलाव्याच्या नमुन्यावर मोजला आहे हे विचारा, कारण तीच भुकटी अधिक बारीक दळली किंवा अधिक कोरडी केली की ती कमी ऊर्जेने पेटते. आपल्याच मालाचा, त्यातील सर्वांत बारीक आणि कोरडा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे हा योग्य मार्ग आहे.

याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारायचा असतो, आणि तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे: पिशवी जेथे उघडणार, तेथे ज्वलनशील वाफ असू शकते का? खालच्या रिॲक्टरमध्ये आधीच द्रावक भरलेला असेल, किंवा भुकटीच सेंट्रिफ्यूजमधून ओली आलेली असेल, तर धुळीचा आकडा बाजूला ठेवून वाफेचा आकडा धरावा. भुकटी स्वतः कधीच न पेटणारी, म्हणजे साधे मीठ किंवा सोडा असला, तरी तो ओतताना निर्माण होणारा प्रभार खालची वाफ पेटवू शकतो. ‘हा माल जळतच नाही’ एवढ्यावर विषय संपवणारी माणसे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

दुसरी पायरी: पिशवीचा प्रकार ठरवा

जंबो बॅगांच्या स्थितिक विद्युतेविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१३४०-४-४ हे आहे आणि त्यात चार प्रकार दिले आहेत.

ए प्रकार म्हणजे साधे विणलेले पॉलिप्रॉपिलीन, ज्यात स्थितिक विद्युतेपासून कोणतेही संरक्षण नाही. न पेटणाऱ्या किंवा १,००० मिलिज्यूलहून अधिक ऊर्जा लागणाऱ्या भुकटीसाठी, आणि आसपास ज्वलनशील वाफ नसेल तेथेच, ती चालते.

बी प्रकारच्या पिशवीचे कापड ६ किलोव्होल्टच्या आतच विजेला वाट देते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दाट प्रभार साठून प्रसरणारा ब्रश विसर्ग होण्याची वेळ येत नाही. तीन मिलिज्यूलहून अधिक ऊर्जा लागणाऱ्या कोरड्या धुळीसाठी ती योग्य आहे. साधा ब्रश विसर्ग मात्र हिच्यावरूनही होतो, म्हणून द्रावकाच्या वाफेत ती वापरायची नाही. दिसायला ए आणि बी सारख्याच असतात आणि गोदामात त्यांची सरमिसळ होते, ही खरी अडचण आहे.

सी प्रकारात कापडातच वाहक धागे विणलेले असतात, ते सर्व एकमेकांना जोडलेले असतात आणि पिशवीवर खूण केलेल्या जागी अर्थिंग जोडायचे असते. पिशवीच्या कोणत्याही भागापासून त्या जोडणीपर्यंतचा रोध (विजेला होणारा अडथळा) १०० मेगाओह्म, म्हणजे १० कोटी ओह्म, याच्या आत असावा लागतो. वाफ असलेल्या जागीही ती वापरता येते, पण अर्थिंग जोडलेले असेल तरच. अर्थिंग नसलेली सी पिशवी साध्या पिशवीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण सगळे धागे मिळून एक मोठा अलग वाहक तयार होतो आणि साठलेला प्रभार एकाच ठिणगीत बाहेर पडतो. महाग पिशवी आणली म्हणजे काम झाले असे समजणाऱ्या खरेदी विभागाला मी हे वाक्य अनेकदा लिहून दिले आहे.

डी प्रकारच्या कापडातून प्रभार अतिशय क्षीण विसर्गांनी हवेत निघून जातो, त्यामुळे त्या पिशवीला अर्थिंग लागत नाही. मात्र लोक यातून चुकीचा अर्थ काढतात. पिशवीला अर्थिंग लागत नसले तरी तिच्याजवळच्या प्रत्येक धातूच्या वस्तूला आणि प्रत्येक माणसाला ते लागतेच, कारण पिशवीने सोडलेला प्रभार त्यांच्यावर जाऊन बसू शकतो. तेल, ओली भुकटी किंवा कोणताही वाहक पदार्थ पिशवीवर सांडला तर तिचा गुण बिघडतो, म्हणून मळलेली डी पिशवी बाजूला काढावी.

लायनरचा विचारही यात आला पाहिजे, कारण चांगल्या पिशवीत चुकीचा लायनर घातला की सगळे संरक्षण निष्फळ होते. मानकात लायनरचे एल-१, एल-२ आणि एल-३ असे गट आहेत. त्यांपैकी एल-३ हा रोधक लायनर सी किंवा डी पिशवीत चालत नाही, आणि वाहक एल-१ डी पिशवीत चालत नाही. पिशवी आणि लायनर एकाच पुरवठादाराकडून, एकत्र तपासलेली जोडी म्हणून घ्यावी.

मुंबई परिसरात येथे एक विशेष अडचण येते. बराचसा कच्चा माल न्हावा शेव्याला उतरतो, भिवंडी किंवा कळंबोलीच्या गोदामात थांबतो आणि पुरवठादाराच्याच पिशवीत आपल्याकडे येतो. ती पिशवी पुरवठादाराने त्याच्या कामासाठी निवडलेली असते. त्याच्याकडे द्रावक नसेल तर तो ए प्रकार वापरतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तुम्ही मात्र तीच पिशवी टोल्युइनने भरलेल्या रिॲक्टरवर टांगता. म्हणून पिशवीचा प्रकार खरेदीच्या मागणीपत्रातच लिहिलेला असावा, आणि तसा माल मिळत नसेल तर तो वाफेपासून दूर, वेगळ्या खोलीत बंद हॉपरमध्ये उतरवण्याची सोय करावी.

तिसरी पायरी: आलेली पिशवी तपासा

रंगावरून प्रकार ठरवू नका. निळी पिशवी म्हणजे डी, असा कोणताही नियम नाही. पिशवीवर शिवलेल्या लेबलवर प्रकार, मानकाचा क्रमांक आणि सी प्रकार असेल तर अर्थिंगची सूचना स्पष्ट असली पाहिजे. लेबल फाटले असेल तर ती पिशवी ए समजावी.

सी पिशवीच्या प्रत्येक खेपेतील काही नगांचा रोध मोजा. साध्या मल्टिमीटरची मजल येथे अपुरी पडते. १०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर लागतो आणि मोजमाप सुरक्षित जागी, वाफ नसलेल्या ठिकाणी करायचे असते. पुन्हा वापरलेल्या पिशव्यांबाबत विशेष सावध राहावे, कारण घडी घालून, ओढून, धुऊन वाहक धागे तुटतात आणि तुटलेला धागा नजरेला दिसत नाही.

चौथी पायरी: अर्थिंग

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण बहुतेक चुका येथेच आढळतात. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात तपासणी करताना मी पाहिले की प्रत्येक पिशवीला क्लॅम्प अगदी शिस्तीने लावला जात होता. केबलचे दुसरे टोक ज्या लोखंडी खांबाला होते, त्यावर मात्र वर्षानुवर्षे रंगाचे थर चढले होते, आणि मीटर लावल्यावर खांबापर्यंत जोडणीच नसल्याचे दिसले. कामगारांनी आपले काम चोख केले होते, पण रंगकाम करणाऱ्याला कोणी काही सांगितले नव्हते.

क्लॅम्प पिशवी हॉइस्टवर टांगल्यावर लगेच, स्पाउटची दोरी सोडण्याच्या आधी लावावा. तो पिशवीवर खूण केलेल्या जागेलाच, दातांनी कापड घट्ट पकडेल असा लावावा. लूपला किंवा लेबलला अडकवलेल्या क्लॅम्पचा काही उपयोग नाही. काढताना क्रम उलटा: आधी प्रवाह पूर्ण थांबवा, स्पाउट बांधा, मॅनहोल झाका आणि सर्वांत शेवटी क्लॅम्प सोडा. शक्य असेल तेथे जोडणीवर सतत लक्ष ठेवणारे उपकरण बसवा आणि जोडणी तुटली की खालचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल अशी रचना करा.

पिशवीच्या पलीकडेही पाहावे लागते. हॉपर, फनेल, रबरी चाकांची ट्रॉली, लोखंडी ड्रम, होजवरचा एकटा पडलेला क्लिप, स्पाउट खरवडायला ठेवलेला धातूचा डाव, यांपैकी प्रत्येक वस्तू जमिनीशी जोडलेली हवी. धातूच्या वस्तूंसाठी हा रोध १० ओह्मच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. खरे तर धातूपासून धातूपर्यंतचा रोध त्याहून फार कमी यायला हवा. तो वाढलेला दिसला की कोठेतरी गंज, रंग किंवा सैल बोल्ट आहे असे समजावे.

मग येतो माणूस. बूट आणि जमीन मिळून माणसापासून भूमीपर्यंतचा रोध १०० मेगाओह्मच्या आत असला पाहिजे. अँटिस्टॅटिक बूट दिले तरी आत जाड लोकरी मोजे, प्लॅस्टिकचा सुखतळ, तळव्याला चिकटलेली भुकटी किंवा जमिनीवर अंथरलेली पॉलिथिलीनची शीट यांपैकी एकही गोष्ट ती वाट तोडते. पावसाळ्यात पाय भिजू नयेत म्हणून कंत्राटी कामगार साधे गमबूट घालून येतात. त्यांना प्रवेशद्वारावरच बूट बदलून द्यावेत. हातमोजेही रोधक नसावेत, नाहीतर हातात धरलेला डाव अलग पडतो.

पाचवी पायरी: पिशवी रिकामी करणे

पिशवीवर गुंडाळलेली स्ट्रेच फिल्म ओढून काढण्याचे काम रिॲक्टरजवळ कधीही करू नये. फिल्म सोलली जाताना तिच्यावर प्रचंड प्रभार चढतो. ती गोदामाशेजारी, वाफ नसलेल्या जागी काढावी.

स्पाउट हळूहळू उघडावा आणि भुकटी जितकी सावकाश उतरेल तितकी उतरवावी. शेवटी तळाला राहिलेला माल काढण्यासाठी पिशवी झटकणे, लायनर हिसका देऊन बाहेर खेचणे, किंवा लायनर भुकटीबरोबर घसरून मॅनहोलमध्ये जाऊ देणे हे तीनही प्रकार टाळावेत, कारण धूळ उडते आणि त्याच क्षणी लायनर कापडापासून सुटतो. लायनर पिशवीला वरून शिवलेला किंवा बांधलेला असेल तर ही वेळ येत नाही.

रिॲक्टरमध्ये ज्वलनशील द्रावक आधीच असेल, तर केवळ सी किंवा डी पिशवीवर विसंबू नका. पिशवी सुरक्षित असली तरी भुकटी स्वतः प्रभार घेऊन खाली पडते, आणि त्या ढिगावरून होणारा विसर्ग पिशवीच्या प्रकाराने थांबत नाही. येथे खरा उपाय क्रमाचा आहे: शक्य असेल तर भुकटी आधी आणि द्रावक नंतर घ्या. ते शक्य नसेल तर रिॲक्टरमध्ये नायट्रोजन भरून ऑक्सिजन त्या द्रावकासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या पुरेसा खाली ठेवा आणि तो मीटरवर पाहा. भुकटी बंद हॉपर व दुहेरी व्हॉल्व्हमधून सोडा, कारण उघड्या मॅनहोलमधून ओतलेली भुकटी आपल्याबरोबर हवा घेऊन आत जाते आणि नायट्रोजनचे आवरण मोडते. नायट्रोजनच्या बाबतीत आणखी एक ताकीद आवश्यक आहे. मॅनहोलवर वाकून आत पाहणारा माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो, म्हणून त्या मजल्यावर वायुवीजन आणि ऑक्सिजन मीटर हवाच.

सहावी पायरी: रोजची नोंद आणि बोलणे

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये स्फोटक धूळ व वाफेच्या जागी प्रज्वलनाचे सर्व संभाव्य स्रोत दूर ठेवण्याची अपेक्षा लिहिलेली होती, आणि भारतीय मानक आयएस ७६८९ हे स्थितिक विद्युतेच्या नियंत्रणाविषयीच आहे. या दोन्हींचा आधार घेऊन आपल्या प्लँटची एका पानाची सूचना तयार करा. ती मराठी आणि हिंदी दोन्हींत लिहून हॉइस्टजवळ लावा, कारण रात्रपाळीला पिशवी उघडणारा कामगार बहुधा कंत्राटी असतो आणि त्याने प्रशिक्षणाची फाइल पाहिलेली नसते. क्लॅम्प, केबल आणि बुटांची तपासणी प्रत्येक पाळीला व्हावी, आणि रंगकाम किंवा फरशीदुरुस्ती झाली की अर्थिंगचा रोध नव्याने मोजावा.

कोणी ‘साहेब, करंट लागला’ असे म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका आणि ‘सगळ्यांनाच लागतो’ असेही म्हणू नका. ती बातमी आहे. काम थांबवा, झटका कशाला हात लावताना बसला ते विचारा, आणि ती वस्तू, त्या माणसाचे बूट आणि खालची जमीन मोजून कारण सापडल्यावरच काम पुढे न्या.

पिशवी अर्धी रिकामी असताना अर्थिंगवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाचा दिवा लाल झाला, तर हात आपोआप निसटलेल्या क्लॅम्पकडे जातो. तो जाऊ देऊ नका. प्रभारित पिशवीला धुळीच्या ढगात क्लॅम्प टेकवणे म्हणजे नेमकी नको ती ठिणगी पाडणे होय. सी पिशवीला कोणीही हात लावायचा नाही, खालचा व्हॉल्व्ह दुरून बंद करायचा, नायट्रोजन सुरू ठेवायचा, सर्वांना मजल्यावरून मागे घ्यायचे आणि पर्यवेक्षकाला बोलवायचे. धूळ पूर्ण बसल्यावर आणि गॅस मीटरने वाफ नसल्याचे दाखवल्यावर, पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत, क्लॅम्प पुन्हा लावायचा आणि दिवा हिरवा झाल्यावरच स्पाउट उघडायचा.